वॉचनाईटला वचन निघालं यिर्मया २९:११ आणि वर्ष असं चाललंय, विश्वासात टिकून कसं राहता तुम्ही लोक?

सदरचा_धाकटा

सलाम सगळ्यांना. मी इथे वाचत असतो, लिहित नाही फारसा. आज लिहितो आहे कारण घरात बोलायला कोणी नाही आणि चर्चमधे बोललं की विषय भलतीकडेच जातो.

आमच्या चर्चमधे ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाईट, म्हणजे नव्या वर्षाची रात्रीची उपासना, झाली की बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात, प्रत्येकानं एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. नागपुरात बऱ्याच ठिकाणी करतात, तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मला यंदा यिर्मया २९:११ निघालं. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नाहीत, भविष्य आणि आशा, ते. आई बाजूलाच उभी होती, तिनं चिठ्ठी हातात घेऊन वाचली आणि म्हणाली, बघ, यंदा तुझं काम पक्कं होते. मी तेव्हा बुटीबोरीला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, परमनंट करू करू म्हणत होते. फेब्रुवारीत कॉन्ट्रॅक्टच संपवलं. एप्रिलमधे आईला स्ट्रोक आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजतं तिला सगळं, डोळ्यांवरून कळतं, पण शब्द निघत नाही, निघाला तर दुसराच निघतो आणि मग ती स्वतःवरच चिडते आणि रडते.

बाबा नाहीत. बहीण रायपूरला असते, तिची पोरं लहान, ती येऊन जाऊन करते. मी दिवसा आईजवळ असतो, रात्री एका ठिकाणी हिशोबाचं काम करतो, त्यात कसंबसं भागते.

आता खरी गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी घरी प्रार्थनेला काही लोक आले होते. आमच्या चर्चचे नाहीत सगळे, एक जण बाहेरून आलेले. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चांगली केली, मला वाईट वाटलं नाही. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की घरात काही लपलेलं पाप असेल तर आधी कबूल करा, आणि विश्वास दाखवायचा असेल तर गोळ्या बंद करून बघा, देव दोन ठिकाणी विभागलेला विश्वास मान्य करत नाही. मी गोळ्या बंद केल्या नाहीत. पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरते की माझा विश्वास कमी पडतोय म्हणून आई उठत नाहीये का.

आणि त्या चिठ्ठीचं काय करू? फ्रिजवर लावली होती आईनं. रोज दिसते. देवानं दिलेलं वचन होतं तर मग हे काय आहे, आणि नव्हतं तर इतकी वर्ष आम्ही काय उचलत होतो? मी देव सोडलेला नाही, सोडायचा पण नाही. पण धरून राहणं म्हणजे नेमकं काय करायचं असते ते मला कळेनासं झालंय. उपासनेला जातो, गाणी चालू असतात, माझ्या तोंडातून आवाज निघत नाही. तुम्ही लोक कसे टिकून राहता ते सांगा. वचनं नुसती पाठवू नका प्लीज, व्हॉट्सॲपवर रोज येतात.


बेझनबाग_युवक

भाऊ तुमच्यासाठी आणि आईसाठी आत्ता प्रार्थना केली. जास्त काही लिहायला येत नाही मला. रात्री ड्युटी असते तेव्हा कोणी आईजवळ बसायला पाहिजे असेल तर सांगा, आमच्या युवक संघात चार-पाच जण आहोत, आळीपाळीनं बसू.


रिटायर्ड_सिस्टर

बेटा, आधी गोळ्यांचं बोलते, बाकी नंतर. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं आहे. बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या स्ट्रोकच्या पेशंटनं मनानं बंद केल्या तर दुसरा स्ट्रोक यायची भीती असते, आणि दुसरा बहुतेक पहिल्यापेक्षा जड जातो. तू बंद केल्या नाहीस, बरोबर केलंस. पुढेही करू नकोस, कोणी कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करो. काही बदलायचं असेल तर डॉक्टर बदलतील.

आणि हे विश्वासाच्या विरुद्ध आहे असं कोणी म्हणालं तर त्याला २ राजे २० वाचायला सांग. यहूदाचा हिज्किया राजा मरायला टेकला होता, रडून प्रार्थना केली, देवानं सांगितलं की तुझी प्रार्थना ऐकली, तुला पंधरा वर्ष आणखी देतो. एवढं पक्कं वचन मिळालेलं. आणि ते वचन घेऊन आलेल्या यशया संदेष्ट्यानंच लगेच पुढच्या श्वासात सांगितलं की अंजिराचं पोटीस, म्हणजे लेप, आणा आणि गळवावर बांधा. वचन पण देवाचं आणि पोटीस पण त्याच्याच सांगण्यावरून. प्रेषित पौलाच्या सोबत शेवटपर्यंत राहिलेला लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याला पोटाचा त्रास होता, तर पौल त्याला सांगतो थोडा द्राक्षारस घे. आपल्याच शहरात स्कॉटिश मिशनच्या लोकांनी म्युर मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं ते काय विश्वास कमी होता म्हणून?

लपलेल्या पापाचं. योहान ९ मधे शिष्य जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून हाच प्रश्न विचारतात, पाप कोणाचं, याचं का आईबापाचं. येशू म्हणतो ह्याचंही नाही आणि ह्याच्या आईबापाचंही नाही. इयोबावर एकामागून एक संकटं आली तेव्हा त्याचे मित्र पण अख्खं पुस्तकभर हेच सांगत राहिले की तुझं काही पाप असेल, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आणि २ तीमथ्य ४:२० बघ, पौल सहज एका ओळीत लिहून जातो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडलं. पौलाच्या हातून किती लोक बरे झाले होते! तरी त्याचा स्वतःचा सोबती आजारी राहिला आणि पौल त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्द वाईट लिहीत नाही.

तुझ्या आईचा स्ट्रोक तुझ्या विश्वासाचा रिपोर्ट नाही बेटा. हे मी तुला ठामपणे सांगते.

आता एक कामाची गोष्ट. फिजिओथेरपी सोडू नको, पहिले काही महिने फार मोलाचे असतात, आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपी वेगळी असते, ती विचार डॉक्टरांना, आपल्याकडे लोक फक्त हातापायाची करतात आणि बोलणं राहून जातं. शिवाय मी वॉर्डात बघितलेलं सांगते, ज्यांना आपलं साधं बोलणं जमत नाही अशा पेशंटला कधी कधी लहानपणापासून पाठ असलेलं म्हणता येतं, गाणं गाता येतं. प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण करून बघ. आईला कोणतं स्तोत्र पाठ आहे? तेविसावं असेलच. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून हळू म्हण, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांब आणि तिला वेळ दे. प्रभूची प्रार्थना पण तशीच. तिला दुरुस्त करायला जाऊ नको. आली एखादी ओळ तर आली.


मोहननगर_बायबलक्लास

दादा तुमच्या चिठ्ठीबद्दल लिहितो, कारण तो अध्याय मी आमच्या बायबल क्लासमधे शिकवला आहे आणि मला वाटते की ती चिठ्ठी फाडायची गरज नाही पण अकराव्या ओवीच्या, म्हणजे वचनाच्या, आजूबाजूचं सगळं वाचायची गरज आहे. थोडं लांबेल.

ती ओवी यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातली आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, त्यानं यरुशलेमातून लोक धरून बाबेलला नेले, इ.स.पू. ५९७ च्या सुमारास, राजा यखन्या, त्याची आई, कारागीर, लोहार, असे. म्हणजे ज्यांना हे पत्र गेलं ते घरदार, काम, देऊळ सगळं गमावून परक्या मुलुखात बसलेले लोक. आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न, परत कधी?

आता त्याच्या आधीचा २८ वा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की परमेश्वर म्हणतो, दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची नेलेली भांडी परत येतील, राजा परत येईल. आणि बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तोडून टाकतो, म्हणजे अगदी डोळ्यांसमोर दाखवून. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया पण आधी म्हणतो आमेन, परमेश्वर तसं करो. त्याला पण तेच पाहिजे होतं ना. पण ते खरं नव्हतं, आणि हनन्या त्याच वर्षी मेला.

मग २९ मधलं पत्र. त्यात काय लिहिलंय? घरं बांधा आणि राहा. मळे लावा आणि फळं खा. लग्नं करा, पोरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. तुम्हाला हवी तशी स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. आणि दहाव्या ओवीत आकडा आहे, सत्तर वर्ष. त्याच्या लगेच पुढे अकरावी ओवी येते, हिताचे संकल्प, भविष्य आणि आशा.

म्हणजे ती ओवी ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यातले कितीतरी जण बाबेलमधेच म्हातारे होऊन मेले. त्यांच्यासाठी ते वचन खोटं होतं का? नव्हतं. देवानं लोकांना खरंच परत आणलं, बाबेल पडल्यावर कोरेश राजाचा हुकूम निघाला, लोक परत आले, मंदिर परत बांधलं. पण मधल्या काळात वचन धरून राहणं म्हणजे काय होतं तर घर बांधणं, मळा लावणं, पोरं वाढवणं, आणि बाराव्या तेराव्या ओवीप्रमाणे देवाला हाक मारत राहणं, त्याला मनापासून शोधत राहणं.

तुम्ही विचारलं धरून राहणं म्हणजे नेमकं काय करायचं. माझं उत्तर हे आहे की तुम्ही ते करत आहात. दिवसा आईजवळ, रात्री काम, गोळ्या वेळेवर, रविवारी उपासना, गळा दाटला तरी जाऊन बसणं. तुम्हाला वाटतं की टिकून राहणं म्हणजे मनात काहीतरी जोरदार वाटलं पाहिजे. पत्रात तसं काही मागितलेलं नाही.

आणि चिठ्ठीबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. चिठ्ठी काढायची पद्धत वाईट नाही, त्या निमित्तानं माणूस वर्षभर एक ओवी मनात ठेवतो. पण चिठ्ठीमुळे ओवीचा अर्थ बदलत नाही. देवानं तुम्हाला यंदा परमनंट नोकरी देईन असं त्या ओवीत म्हटलेलं नाही, आणि आईला काही होणार नाही असंही म्हटलेलं नाही. आईनं प्रेमापोटी तो अर्थ काढला. तो मोडला याचा अर्थ देवाचा शब्द मोडला असा होत नाही.


सदरचा_धाकटा

सिस्टर आंटी, स्पीच थेरपीचं कोणी सांगितलंच नव्हतं आम्हाला, उद्या विचारतो. मोहननगर भाऊ, तुमचं दोनदा वाचलं. हनन्याचा अध्याय मी कधी वाचलाच नव्हता, चिठ्ठीत एकच ओवी असते ना.

पण मग एक विचारू का. असं असेल तर आईसाठी बरं कर म्हणून मागायचं का नाही? सत्तर वर्षांचा हिशोब धरला तर मग मागून उपयोग काय, जे होईल ते होईल असं म्हणून बसायचं का? ते पण मला नाही जमणार.


छिंदवाडा_रोड

हेच मला पण म्हणायचं होतं. मोहननगर भाऊंचं बरोबर आहे पण त्यावर थांबलं तर माणूस मागणंच सोडतो, आणि मी अशी माणसं बघितली आहेत, फार शहाण्यासारखी प्रार्थना करतात, प्रत्येक वाक्याला तुझी इच्छा असेल तर, तुझी इच्छा असेल तर, आणि मनातून काहीच अपेक्षा नाही. ते पण टिकून राहणं नाही. लूक १८ मधे येशूनं विधवेचा दाखला कशासाठी दिला ते पहिल्याच ओवीत लिहिलंय, सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये. ती बाई न्यायाधीशाच्या दारात येत राहिली, येत राहिली, तो देवाला न भिणारा माणूस होता तरी शेवटी त्यानं तिचा न्याय केला. मग आपला बाप किती जास्त ऐकेल. भाऊ तुम्ही मागा. आई चालली पाहिजे असं मागा, तिनं तुम्हाला नावानं हाक मारावी असं मागा. नोकरी पण मागा. लाजू नका. माझ्या घरी एका आजारपणात डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते माणूस आज घरात चहा करते आहे, मी ते देवाचंच काम मानतो, कोणी काही म्हणो.


मोहननगर_बायबलक्लास

छिंदवाडा रोड, तुमचं पूर्ण मान्य. मी मागू नका असं म्हणत नाही. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. पण पौलानं मागितलं होतं, आणि देव बोलला होता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानीत तर स्वतः प्रभूनं मागितलं की हा प्याला टळो. जर त्यानं मागितलं तर आपण कोण न मागणारे? आणि दानीएल ३ मधले शद्रख, मेशख, अबेद्‌नगो आगीच्या भट्टीत टाकायची धमकी देणाऱ्या राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली. मी माझ्या मुलांना हेच शिकवतो की दोन्ही म्हणायला शिका, फक्त पहिलं म्हणू नका आणि फक्त दुसरं पण म्हणू नका.


जुना_हिस्लॉपियन

मी वयानं मोठा आहे म्हणून थोडं जुनं सांगतो. तुम्ही बुटीबोरीला जात होता ना, टाकळघाट तिकडंच आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मधे स्कॉटलंडहून नागपूरला आले. शाळा काढली, मराठी शिकले, गोंड लोकांची गाणी लिहून ठेवली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले. ज्या कामासाठी आले त्याला म्हणावं तसं फळ त्यांच्या हयातीत दिसलं नाही, ख्रिस्ती झालेले लोक मोजकेच. सप्टेंबर १८६३ मधे टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परत येत होते आणि चढलेल्या पाण्यात बुडून गेले. पन्नाशी पण झाली नव्हती. हिस्लॉप कॉलेज सुरू झालं १८८३ ला, म्हणजे त्यांच्या मरणानंतर वीस वर्षांनी. मी त्या कॉलेजात शिकलो, आणि तिथे शिकलेली किती हजार पोरं आज जगभर आहेत. त्या माणसाला त्यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

इब्री ११:१३ मधे नेमकं हेच लिहिलं आहे, हे सगळे विश्वासात मेले, वचनांची फळं त्यांना मिळाली नव्हती पण त्यांनी ती दुरून बघितली आणि सलाम केला. मला ती ओवी तरुणपणी आवडायची नाही, म्हणजे वाटायचं हे काय वचन झालं. आता फार आवडते. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तरचा होता आणि इसहाक झाला तेव्हा शंभरचा, मधे पंचवीस वर्ष. देश तर त्याला मिळालाच नाही, बायको सारा वारल्यावर तिला पुरायला जमीन पाहिजे होती ती पण पैसे मोजून विकत घ्यावी लागली. ज्या देशाचं वचन होतं त्या देशात त्याच्या मालकीचं एवढंच, बायकोची कबर. आणि त्याला विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतात.

आणि आपल्या मराठी माणसांपैकी पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आईवडील गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, पदरात लहान मुलगी. पुढे ख्रिस्ती झाल्यावर सगळं सोपं झालं का, तर नाही. मुक्ती मिशनचं काम, बायबलचं मराठी भाषांतर, आणि हाताशी आलेली मुलगी मनोरमा १९२१ ला वारली. तरी बाई भाषांतराचं काम करत राहिल्या, १९२२ ला त्या स्वतः गेल्या. मी हे तुम्हाला लाजवायला सांगत नाही पोरा, तुम्ही रमाबाई व्हा असं म्हणत नाही. एवढंच सांगतो की ज्या रस्त्यावर तुम्ही आहात तो ओळखीचा रस्ता आहे, त्यावरून आपली माणसं गेलेली आहेत. तुमचं काही चुकलं म्हणून तुम्ही तिथे नाही.


कॉयर_मधली

दादा मला तुमचं ते वाक्य लागलं, गाणी चालू असतात आणि तोंडातून आवाज निघत नाही. मी कॉयरमधे गाते आणि बाबा गेल्यावर मी पण बरेच रविवार नुसती उभी राहायचे. लोकांना वाटायचं घसा बसला. तेव्हा आमच्या पास्टरबाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या त्या तुम्हाला सांगते.

एक म्हणजे स्तोत्र ८८ वाच. मी म्हटलं त्यात काय आहे, तर त्या म्हणाल्या वाच तर. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडणं आहे, आणि बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांसारखं शेवटी स्तुतीवर पण येत नाही, अंधारावर संपते. आणि तरी ते बायबलमधे आहे! म्हणजे देवानं ठेवून घेतलंय ना ते. किती वेळ, मला कायमचा विसरशील काय, हे १३ व्या स्तोत्रात आहे. हे देवाला बोललेलं आहे, देवाच्या पाठीमागे बोललेलं नाही, आणि जो देवाशी भांडतो तो अजून देवाशी बोलतच आहे. मी रोज रात्री एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचे, माझे शब्द नव्हतेच तर दुसऱ्याचे वापरायचे. काही वाटायचं नाही तरी वाचायचे.

दुसरं मार्क २. चार जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीत जागा नाही म्हणून छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहून त्याला म्हटलं. त्यांचा! आजारी माणूस काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही, कदाचित त्याला पण बोलता येत नसेल तुमच्या आईसारखं, काय माहीत. तुम्ही तुमच्या आईच्या बाजेचा एक कोपरा धरला आहे. पण दादा चार कोपरे एकट्यानं धरता येत नाहीत. तुम्ही उपासनेला गप्प उभे राहता तेव्हा बाजूचे गातात ना, ते तुमच्यासाठी पण गात असतात. आणि आपल्या सगळ्यांच्या वर प्रभू स्वतः, लूक २२:३२ मधे पेत्राला म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्राला तेव्हा माहीत पण नव्हतं की त्याला त्या प्रार्थनेची गरज पडणार आहे.


रिटायर्ड_सिस्टर

कॉयरवाल्या बेटीनं छान लिहिलं. मी फक्त एलीया संदेष्ट्याचं जोडते, १ राजे १९. तो झाडाखाली बसून देवाला म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येऊन त्याला खायला देतो, पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो, म्हणतो तुला पुढे लांब जायचंय. बोलणं नंतर झालं. तू रात्री काम करतोस आणि दिवसा आईचं करतोस, मग झोपतोस कधी? ते बेझनबागचे पोरं बसायला येतो म्हणाले आहेत त्यांना हो म्हण. संकोच करू नको. तुझी झोप झाली नाही तर तुला देव लांब गेल्यासारखाच वाटणार, त्यात अर्धं थकव्याचं आहे.


सदरचा_धाकटा

सगळ्यांचं वाचलं, काही तर रात्रीच्या कामावर बसून वाचलं. थँक्यू म्हणणं कमी आहे.

काल संध्याकाळी आईजवळ बसून तेविसावं म्हटलं आंटी, तुम्ही सांगितलं तसं थांबत थांबत. पहिल्या तीन-चार ओळींना काही नाही, नुसती बघत होती. मग काठी आणि आकडी वाल्या ओळीला तिचे ओठ हलले, आवाज नाही आला नीट पण शब्द तोच होता. ती हसली. आज परत म्हणणार आहे. मी ह्याला उत्तर म्हणू का नको मला माहीत नाही, पण मला बरं वाटलं.

चिठ्ठी फ्रिजवरच ठेवली आहे. तिच्या खाली दहावी ओवी पेननं लिहिली आणि पाचवी ते सातवी पण.

एक विचारायचं राहिलं. आई आजारी पडल्यापासून तिला प्रभुभोज, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मिळालेला नाही. तिला ते फार महत्त्वाचं आहे, कधी चुकवायची नाही. गिळायला थोडा त्रास होतो अजून. घरी देतात का?


मोहननगर_बायबलक्लास

देतात दादा. पास्टरना फोन करून सांगा, आजारी माणसाला घरी जाऊन देणं हे त्यांचं कामच आहे, त्यांना ओझं वाटत नाही. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर चर्चचे दोन वडील (एल्डर) आणि पास्टर असे जातात घरोघरी.


रिटायर्ड_सिस्टर

गिळायचं आधी डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपीवाल्यांना दाखव, गिळणं पण तेच तपासतात. ते हो म्हणाले तर भाकरीचा अगदी लहान तुकडा, उशा लावून सरळ बसवूनच, आडवं असताना अजिबात नाही, आणि नंतर थोडा वेळ तसंच बसू दे. पास्टरना पण आधीच सांगून ठेव.


बेझनबाग_युवक

भाऊ शनिवारी रात्री मी आणि आणखी एक जण येऊ शकतो, दहापासून सकाळपर्यंत. पत्ता इथे टाकू नका, मेसेज करा. आईला उठवायचं बसवायचं कसं ते एकदा दाखवून द्या, आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा.